लोजबानमधला घासून निघणारा ख

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. क आणि प आला की हमखास गाडी अडते, आणि माझं नाव नेमकं क नेच सुरू होतं. दवाखान्यात नाव विचारलं की समोरचा जरा वेळ थांबतो आणि मग आपल्या अंदाजाने एखादं नाव सुचवतो. मीही कधीकधी त्याला मान हलवून मोकळा होतो.

चाळिशी उलटल्यावर मला लोजबान सापडली. ती कुठल्या देशाची भाषा नाही. तर्काच्या नियमांवर काही लोकांनी मुद्दाम घडवलेली, आणि जगभरात विखुरलेली थोडी माणसं हौसेने शिकतात. मी ती फक्त लिहायचो, म्हणून निवांत होतो. मग आमच्या इंटरनेटवरच्या गटाने नवशिक्यांसाठी रविवारी संध्याकाळी बोलण्याचा वर्ग ठेवला. उत्साहाच्या भरात मी 'येतो' असं कळवून बसलो.

त्या भाषेत एका अक्षराचा एकच उच्चार, त्यामुळे चुकलं की लपवायला जागा नाही. एक आवाज झ च्या जवळचा, पण जीभ टाळूला टेकू द्यायची नाही, श म्हणताना सोडतो तशी हवा सोडत राहायची. दुसरा ख सारखा, पण घशाच्या मागून घासत येणारा. माझ्या तोंडून आपला साधा, 'खटारा'मधला ख निघायचा. सिन्नरच्या कारखान्यात जाता-येता मी हेल्मेटच्या आत सराव करायचो. घरी मोरीत तोंड धुताना एकदा घसा खरवडत होतो, तर बायको दाराशी आली.

"अहो, घसा धरलाय का? ज्येष्ठमध देऊ?"

वर्गाचं तिला सांगितलं. ती म्हणाली, नको वाटत असेल तर जाऊ नका. तेच मला ऐकायचं होतं, तरी ऐकल्यावर बरं वाटलं नाही.

रविवारी दुपारचं जेवण गेलं नाही. संध्याकाळी कानाला हेडफोन लावून बसलो. वर्ग घेणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, दूरच्या कुठल्यातरी थंड देशातल्या. प्रत्येकाने नमस्कार करून नाव सांगायचं होतं. माझी पाळी येईपर्यंत मी ते मनात घोकत राहिलो. नमस्काराचा 'शोय' नीट गेला. 'मी अमुक' म्हणायला त्या भाषेत 'मिहे' म्हणतात. माझी आई सिन्नरकडची, ती 'मी आहे'ला 'मी हे' म्हणते, त्यामुळे तोही सहज गेला. मग नियमाप्रमाणे छोटा थांबा आणि त्यानंतर नाव.

नाव निघेना. ओठ उघडे, जबडा ताठ, गळ्यात क अडकलेला. आता कोणीतरी नाव सुचवणार म्हणून मी डोळे मिटले. पण कोणी काही बोललं नाही. बऱ्याच वेळाने क सुटला आणि पाठोपाठ सगळं नाव बाहेर पडलं. बाईंनी ते तसंच उच्चारून माझं स्वागत केलं आणि एक वाक्य वाचायला दिलं. त्यातही मी दोनदा अडलो.

वाचून झाल्यावर त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचा ख अजून फार कडक आहे. तो फुटू देऊ नका, घासू द्या. पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ठीक म्हटलं आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. माझ्या अडखळण्याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या बोलण्यातली दुसरी काही चूक आजवर कोणी काढलीच नव्हती. तिथवर कोणी पोचतच नसे.

बाहेर आलो तर बायको भाजी निवडत बसली होती. काय म्हणाले वर्गात, तिने विचारलं.

"ख चुकतो म्हणाल्या बाई."

"एवढंच?"

"एवढंच," म्हणालो आणि तिच्यासमोर बसून मेथीची जुडी ओढून घेतली.

पुढच्या रविवारीही दुपारचं जेवण गेलं नाही. वर्गाला मात्र बसलो.