तागडीबाईंचा चौकोन

नकाशांच्या कार्यालयात त्यांना सगळे तागडीबाई म्हणत, कारण त्या तळी तोलायच्या. तळ्याला सरळ बाजू नसतात; लांबी-रुंदी गुणावी तर कुठली? बाकीचे कारकून चौकटींच्या कागदावर तळं काढून एकेक चौकट मोजत, आणि कुणी चहाला हाक मारली की आकडा विसरून पुन्हा पहिल्यापासून. बाई नकाशावरचं तळं जाड कागदावर उतरवायच्या, बारीक कात्रीनं कापायच्या आणि काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर ठेवायच्या. त्याच कागदाचा एक चौकोन त्यांच्यापाशी होता, नकाशाच्या मापानं बरोबर शंभर हेक्टरांचा. तळं वजनानं चौकोनाच्या जितक्या पट भरेल, शंभर हेक्टरांच्या तितक्या पट त्याचं क्षेत्रफळ.

चौकोन त्यांच्या पहिल्या साहेबांनी कापून दिला होता. सव्वीस वर्षं तो खणातल्या एका चपट्या डब्यात राहत होता. घराची किल्ली बाई शेजारणीकडे ठेवायच्या. चौकोन कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत.

त्या वर्षी शहराबाहेरचं तळं पुन्हा मोजायला आलं. दहा वर्षांपूर्वी ते एकशे एक हेक्टर भरलं होतं. आता शहाण्णव. वीस हेक्टरांमागे एक होडी, असा नियम. पाच होड्यांच्या चार झाल्या, आणि ज्याला परवाना सर्वांत शेवटी मिळाला होता त्या होडीवाल्याला होडी काढून घेण्याची चिठ्ठी गेली.

चिठ्ठी घेऊन तो थेट बाईंच्या टेबलाशी आला. भांडला नाही. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या कागदात तळं जिथं आटलंय, तिथं माझी वल्ही बुडतात."

बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. हे त्या शहाण्णवात धरलंय का, असं विचारून त्यानं तो रिकामा केला.

तो गेल्यावर बाईंनी तीनदा तोललं. तिन्ही वेळा शहाण्णव. मग जुन्या फायलीतून दहा वर्षांपूर्वी कापलेलं तळं काढून नव्यावर ठेवलं. काठाला काठ जुळला. कागदावर तळं आटतं तेव्हा चिखलही दिसत नाही, मासाही तडफडत नाही. एक आकडा तेवढा खाली येतो. बाईंना जेवण गेलं नाही.

नवऱ्याचं किराणा मालाचं दुकान होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तळं तेच, काटा तोच, तर मग वजन तपासलंस का? त्याची लोखंडी वजनं दर वर्षी निरीक्षक तपासून शिक्का मारायचा. बाईंना राग आला. आपला चौकोन काही लोखंडाचा नाही झिजायला, त्या म्हणाल्या. उलट सहा वर्षांपूर्वी दोन कडा फाटायला आल्या तेव्हा आपण त्यांना पारदर्शक चिकटपट्टी लावून जपलाय.

नवऱ्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"अगं, मी वजनाखाली मेण लावलं तर लोक मला लबाड म्हणतात."

"मी मायेनं लावली होती."

"काट्याला काय ठाऊक?"

सकाळी बाईंनी तळं कापलं त्याच गठ्ठ्यातल्या कागदाचा नवा चौकोन कापला. एका पारड्यात जुना, दुसऱ्यात नवा. जुन्यानं बसकण मारली. नव्या चौकोनानं तळं तोललं, तर एकशे एक.

जुना चौकोन गुपचूप टोपलीत टाकता आला असता. बाईंनी साहेबांना चिठ्ठी लिहिली, आणि त्या सहा वर्षांत तोललेल्या आणखी चार तळ्यांची नावंही खाली लिहिली. कारण काय दाखवायचं, साहेबांनी विचारलं. चौकोन लठ्ठ झाला, बाई म्हणाल्या. कारकून आठवडाभर एकमेकांच्या पोटाकडे बघून हसत होते.

होडी राहिली. होडीवाल्यानं बाईंना एका रविवारी आग्रहानं तीत बसवलं. काठापासून बरंच आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, मी कोरडी केलेली जागा कुठली?

त्यानं वल्ही थांबवली. "हीच. उतरता का?"

बाईंनी दोन्ही हातांनी होडीची कड धरली.