चुलतसासऱ्यांची शाळा

राज्यांची नवी वाटणी झाली, आमचं बुऱ्हाणपूर हिंदी राज्यात गेलं आणि मुलीच्या वर्गात सगळं हिंदीत सुरू झालं. ती पाचवीत होती. मराठीत उत्तर दिलं म्हणून गुरुजींनी तिला उन्हात उभं केलं, तेव्हा ती दप्तर उचलून घरी आली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, शाळेतून नाव कापणार.

मी मुलीला घेऊन शनवारा भागातल्या तिच्या शाळेत गेले. वाटेत बोलणं जुळवत होते: आधी तिला विचारा काय झालं ते, मग हवी ती शिक्षा करा, पण वर्गात बसू द्या.

नवे हेडमास्तर दापोरा गावचे निघाले, माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. आमच्यात सून अशा मोठ्यांसमोर बोलत नाही. मी पदर ओढून खाली बघत उभी राहिले.

“काय सूनबाई, पोरगी फार तिखट आहे. घरीच बरी ना?”

मी गप्प. त्यांनी होकार समजून रजिस्टर ओढलं आणि नाव कापलं.

रस्त्यात मुलगी म्हणाली, “आई, माझ्यावर तर केवढी ओरडतेस! तिथं का नाही बोललीस?”

“ते मोठे आहेत गं.”

“आणि मी?”

पुढं तिनं शाळेचा विषय काढला नाही. मीही नाही.