श्रावणरावांचा विणण्यावरचा लेख

टिमकी या विणकरांच्या वस्तीतल्या श्रावणराव परात्यांना एस्पेरांतो येते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती नेमकी काय भानगड आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. पानठेल्यावर कुणी विचारतं, "काका, कोणत्या देशाची भाषा हाये हे?" ते सांगतात, "कोणत्याच नाही गा. मुद्दाम बनवली हाये, सगळ्या जगासाठी." ऐकणारा मान डोलावतो आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला लागतो.

हिंगण्याच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. कंपनीच्या बसमध्ये बाकीचे डुलक्या काढत आणि हा गृहस्थ टपालाने आलेले धडे घोकत बसे. निवृत्तीनंतर पोर्तुगालच्या एका छोट्या एस्पेरांतो पत्रिकेत त्यांचे लेख छापून येऊ लागले. कुठकुठून पत्रं येत. पण घरातल्या एकुलत्या एका माणसाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, कुसुमावतीने, इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही लिहिता तरी काय. हे त्यांना फार लागायचं. या खेपेचा लेख तिने ऐकावा म्हणून त्यांनी विषयच तसा निवडला होता: विणणं.

कुसुमावती उमरेडच्या विणकराची लेक. लग्नानंतरही पंधरा वर्षं तिने पुढच्या खोलीत माग चालवला. आता तिथे श्रावणरावांचं टेबल आहे.

दुपारी ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. श्रावणराव कागद घेऊन शेजारी टेकले. "कुसुम, पाच मिनिटं ऐकतं का वं?"

"वाचा. कान रिकामेच हायेत."

ते मराठी करत करत वाचू लागले. लॅटिनमध्ये विणणं म्हणजे तेक्सेरे. रोमचं राज्य गेलं, शब्द राहिला. इटलीत तो तेस्सेरे झाला, स्पेनमध्ये तेखेर, पोर्तुगालात तेसेर, फ्रान्समध्ये तिसे, रुमानियात त्सेसे. एस्पेरांतोने थेट मूळच उचललं आणि तेक्सी केलं. विणलेल्याला लॅटिनमध्ये तेक्स्तुस म्हणत, आणि लिहिलेल्या मजकुराचं नाव या सगळ्या भाषांत त्यावरूनच पडलं. शेवटी त्यांचं लाडकं वाक्य होतं: "माग पुरता रिकामा केल्यावरच नवं कापड सुरू होतं, तशीच लॅटिन संपली आणि नव्या भाषा सुरू झाल्या."

"हे चूक हाये," कुसुमावती म्हणाली.

श्रावणरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"माग कधी रिकामा नाही करत. लुगडं कापून उतरवलं तरी वीतभर जुना ताणा, ते उभे धागे, मागाच्या फणीत ठेवतात. मंग नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाले पिळून जोडायचा. दोन-दोन दिवस लागते. तुमी कोष्ट्याच्या घरचे असून असं काहून लिहिलं?"

श्रावणरावांची नजर पुढच्या खोलीतल्या टेबलाकडे गेली. तिथला माग त्यांनीच काढला होता. कुसुमावती तेव्हा माहेरी होती. उचलायला सोपं जावं म्हणून त्यांनी ब्लेड घेऊन सगळे धागे फणीपाशी साफ कापले होते. परत आल्यावर तिने रिकामी खोली पाहिली आणि चहा मांडला होता.

"माग गेला, त्याचं नाही," ती शेंगांकडे पाहत म्हणाली. "पह्यला ताणा माह्या मायनं भरून देला होता. त्याच्यावरच मी जोडत आली. पंधरा वर्षं टोक तुटू नोतं देलं."

श्रावणरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच देशांतला एक शब्द त्यांनी शोधून काढला होता, आणि बायकोला एवढंही कधी विचारलं नव्हतं. "माहं चुकलं वं, कुसुम," ते म्हणाले. "तुले विचारल्याबिगर हात लावायले नोता पायजे."

ती शेंगा सोलत राहिली. त्यांनी पेन काढून ते वाक्य खोडलं.

"नुसतं खोडू नका," ती म्हणाली. "बराबर लिहा. जुन्याचं टोक ठेवूनच नवं जोडतात, म्हणा. त्या भाषा बी तशाच झाल्या असतीन."

त्यांनी लिहिलं. खोडलेल्या ओळीच्या वर, एस्पेरांतोत.

"वाचा आता, तुमच्या त्या भाषेत."

त्यांनी ते वाक्य वाचलं.

"हे एकच नाही. पह्यल्यापासून वाचा."

श्रावणरावांनी घसा साफ केला आणि पहिलं पान वर घेतलं. कुसुमावतीला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, तरी ती शेवटपर्यंत ऐकत बसली.