बिब्ब्याचे डाग

"या तिळावर काही लावलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि मी चटकन म्हणाले, "नाही, काहीच नाही." खोटं बोलले. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली माझा लहानपणापासूनचा तीळ. वर्षभरात तो वाढला, कडेनं पसरला, तर मला वाटलं कुरूप झालं. वलगावला आमची शेवंती-झेंडूची शेती आहे, तोडणीच्या दिवसांत पायात चप्पल राहत नाही, कुरूप कोणाला होत नाही? आमच्याकडे कुरुपावर बिब्बा तापवून त्याच्या तेलाचा चटका देतात. यांनी "नको करू" म्हणून बजावलं होतं, तरी मी चोरून दोनदा दिला. पाय सुजला, कातडी सोलली, आणि तीळ आणखीच काळा झाला. आता डॉक्टरांसमोर हे शेजारी बसलेले. चारचौघांत वाभाडे निघतील या भीतीनं मी तोंड मिटलं. साठीला आलेली बाई मी, पण अक्कल तेवढी कमीच.

अमरावतीच्या त्या डॉक्टरांनी तिळाचा तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल आल्यावर अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथले सर्जन हळू आवाजात बोलले. पेशी बिघडलेल्या दिसतात, कातडीचा कर्करोग असावा, छातीठोक सांगता येत नाही, पण थांबणं बरं नाही. सोमवारी भरती व्हा, मंगळवारी अंगठा काढू. मी मान डोलावली. गाडीत बसल्यावर पायाकडे बघायची हिंमत होईना.

मधले चार दिवस मी देवीशी बोलले नाही. आमच्या मळ्यातली फुलं रोज अंबादेवीला जातात, मी लग्न होऊन आले तेव्हापासून. त्या चार दिवसांत मी हार ओवायला बसलेच नाही. सुनेनं एकदा हाक मारली, तर तिच्यावर खेकसले. देव्हाऱ्यापुढे उभी राहून एकदाच म्हणाले, "माय, तुह्या पायावर फुलं वाहण्यात जन्म गेला माह्या, आन् तू माह्याच पायाले काहून धरलं?" दिवा न लावताच मागे फिरले. एवढा राग मी उभ्या आयुष्यात कोणावर केला नव्हता, आणि तो राग नव्हता, भीती होती, हेही मला ठाऊक होतं.

सोमवारी हे कागदांच्या रांगेत उभे राहिले आणि मी बाकावर बसले. पायावरच्या पट्टीला धूळ लागू नये म्हणून वरून जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं होतं, चटका देताना वापरलेलंच. शेजारी एक बाई होती, माझ्याच वयाची, डोळे सुजलेले. ती बराच वेळ माझ्या पायाकडे बघत होती. मग विचारलं, "बिब्बा लावला होता ना, बाई?"

"मी कायले लावू बिब्बा!"

"खोटं नोको बोलू. फडक्यावरचे हे काळे डाग दगडावर आपटले तरी जात नाही. माह्या घरच्या माणसाच्या धोतराले असेच हायेत."

ती तेल्हाऱ्याकडची. नवऱ्याच्या टाचेला असाच काळा चट्टा आला होता. कुरूप समजून तिनं आपल्या हातानं सहा महिने बिब्बा लावला. तो कर्करोग निघाला, तोवर छातीपर्यंत पोचलेला. नवरा आत खाटेवर होता आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. "डॉक्टरनं विचारलं तवा मीबी नाही म्हणलं," ती म्हणाली. "लाज वाटली वं. तू सांगून दे. आत्ताच जाय." माझ्या दंडाला धरून तिनं मला उठवलं. जाताना तिनं आपला फोन नंबर माझ्या कागदामागे लिहून दिला, "काय झालं ते कळवजो" म्हणाली.

मी यांच्यादेखत डॉक्टरांना सगळं सांगितलं. सांगताना रडले. डॉक्टर चिडले, "बाई, हे आधी सांगायचं होतं!" मग खुर्चीवर बसवून समजावलं. चटक्यानं भाजलेला साधा तीळही दुर्बिणीखाली कर्करोगासारखा दिसू शकतो, आणि चटक्याआड खरा कर्करोगही लपू शकतो. डोळ्यांना ठरवता येत नसेल तर पेशीतली जनुकं तपासतात, त्यावरून पुष्कळ कळतं. ही तपासणीही शंभर टक्के नसते, पण अंगठा कापण्याआधी विचारून घेऊ, म्हणाले. ऑपरेशन थांबलं. तोच तुकडा मुंबईला गेला. परतताना हे खिडकीकडे तोंड करून बसले. वलगावच्या फाट्यावर उतरताना मात्र हात धरून उतरवलं.

तीन आठवडे गेले. ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. देवीपुढे पुन्हा बसू लागले, पण "साधा तीळ निघू दे" असं मागायला जीभ रेटेना. माझ्यासाठी मागितलं की डोळ्यांपुढे ती बाई यायची. तिनं काय कमी मागितलं असेल? शेवटी एक दिवस म्हणाले, जे असेल ते दाखव माय, मी आता काही लपवत नाही. त्या दुपारी पहिल्यांदा झोप लागली.

अहवाल आला. जनुकांत कर्करोगाची खूण नव्हती. उरलेला तीळ डॉक्टरांनी छोट्या ऑपरेशननं काढला, दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं. अंगठा राहिला.

मी त्या नंबरवर फोन केला. तिच्या मुलीनं उचलला. बाबा गेले, परवा तेरवी, म्हणाली. मी अकोटवरून तेल्हाऱ्याला गेले. वाटेत ठरवलं होतं, आपलं काही सांगायचं नाही. तिच्या घरात भिंतीला टेकून ती बसली होती. मला बघून म्हणाली, "अंगठा?"

मी तिच्यासमोर टेकले. ती पुढे सरकली, माझं पाऊल दोन्ही हातांत घेतलं, अंगठा चाचपला. "हाय," ती म्हणाली. "हाय ना जागेवर." आणि माझा पाय तसाच धरून ती ओक्साबोक्शी रडली. नवरा गेल्यापासून रडली नव्हती, असं मुलीनं नंतर सांगितलं.

लोक म्हणतात, देवीनं तुझं गाऱ्हाणं ऐकलं. मग तिचं काहून नाही ऐकलं, हे मी देवीला विचारायचं सोडलं आहे. उत्तर मला पेलणारं नाही. मला एवढंच ठाऊक आहे की माझी लाज सोडवायला जी आली, तिच्याजवळ स्वतःसाठी काहीच उरलं नव्हतं. संध्याकाळी देवीला हात जोडते तेव्हा आता मागणं सुचत नाही. त्या बाईच्या हातांची ऊब पायाला आठवते, आणि मी तशीच बसून राहते.