गाडी थांबते, देवरावभाऊ थांबत नाहीत

आमच्या गाडीचे किस्से आता इतके साठलेत, की टपरीवर चहाआधी प्रश्न येतो, "आज कुठं अडली?"

पुण्याच्या एका कंपनीची ही आपोआप चालणारी गाडी. चाचणीसाठी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात फिरते. स्टिअरिंगवर देवरावभाऊ, नुसते लक्ष ठेवायला. शेजारी लॅपटॉप घेऊन मी. गाडीचा नियम साधा: समजलं नाही, की थांबायचं. भाऊंना मात्र ब्रेक दाबणं म्हणजे अपमान वाटतो! मागे एकदा शांतावहिनी शेजारी असताना त्यांनी पुरातून जीप काढली होती. वहिनी तेव्हापासून एसटीनेच जातात, आणि भाऊंना ते फार लागलंय.

*

मोताळ्याजवळ रस्त्यावर उडदाच्या शेंगा पसरल्या होत्या. वरून गाड्या गेल्या की मळणी फुकट. आमची गाडी थांबली ती थांबलीच. शेंगावाल्या मावशी वैतागल्या, "जाय ना बाप्पा वरून, त्याच्यासाठीच टाकल्या!"

*

नांदुऱ्याला कापसाने फुगलेल्या बैलगाडीला आमची गाडी भिंत समजली. भिंत चालतेय म्हटल्यावर बैलांच्या चालीने मागे निघाली. आमच्या मागे ही रांग! एका म्हाताऱ्याने विचारलं, वरात कोणाची?

*

लोणारच्या रस्त्यावर दाट धुकं आलं. गाडी कडेला उभी राहून दिवे लुकलुकवू लागली. बंद पडली समजून मागून आलेल्या काळीपिवळी जीपमधली माणसं धक्का द्यायला उतरली. माणसं जवळ आली की गाडी हलत नाही, आणि आपली माणसं धक्का दिल्याशिवाय हटत नाहीत. मला दोघांचंही कौतुक वाटलं.

*

शेवटी भाऊंनी कंपनीची परवानगी काढून वहिनींना माहेरी न्यायचं ठरवलं. वहिनी तयार झाल्या, पण मागे बसायच्या बोलीवर. वाटेत पाऊस लागला, आणि ओढ्याच्या बुटक्या रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. गाडी थांबली. पडद्यावर सूचना आली, चालकाने ताबा घ्यावा.

भाऊंनी स्टिअरिंग धरलं. मागे वहिनींनी सीट घट्ट पकडली. मी लॅपटॉप मिटला.

भाऊ बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग हात मांडीवर ठेवून म्हणाले, "किती खोल हाय, मलेबी समजून नाही राह्यलं."

मागचं दार उघडलं. वहिनी पावसातच उतरून माझ्या खिडकीशी आल्या.

"बाबू, तू मांगं बस."