रस्त्याकडची ओळ

माझा धाकटा भाऊ मल्हारी डॉक्टर नाही. दिंडोरीत त्याला सगळे डॉक्टर म्हणतात ते द्राक्षबागांमुळे. पान पाहून तो फवारणी सांगतो. बाग साधली तर डॉक्टरचा हातगुण, बिघडली तर हवामान खराब. पाहुणे आले की रस्त्याकडची भरघोस ओळ दाखवायची, मागच्या करपलेल्या ओळींकडे न्यायचंच नाही, ही त्याची वीस वर्षांची सवय.

बागेच्या रील्स टाकता टाकता एकदा त्यानं गंमत म्हणून गुडघेदुखीवर रील टाकली. बागेची रील दोनशे जण बघायचे, ही चाळीस हजारांनी पाहिली. झालं, गडी चळला. बारावीला गटांगळ्या खाल्लेला हा माणूस आता माणसांना औषधं सांगू लागला. पैशासाठी नाही, हे मी शपथेवर सांगते. 'सर, तुमच्यामुळे आमची आई वाचली', असं कुणीतरी लिहावं, एवढीच त्याची भूक. आणि त्या भुकेपायी मेल्यानं स्वतःची आई पणाला लावली.

आमच्या आईला, रंगूबाईला, जुना मधुमेह. रोज इन्सुलिन. यानं ते बंद करून द्राक्षाच्या पानांचा काढा सुरू केला. पंधराव्या दिवशी तिला नवं लुगडं नेसवून ओट्यावर बसवलं आणि रील काढली. "आईची साखर पळाली, सुया गेल्या उकिरड्यावर!" आईही हसली. लेकाचं कौतुक, दुसरं काय! चार लाख लोकांनी ते पाहिलं. मी नाशिकला असते, मलाही मोबाइलवरच कळलं. फोन करून शिव्या घातल्या, तर म्हणाला, "ताई, माझं नाव झालं ते तुला बघवत नाय."

महिन्याभरात आईच्या उजव्या तळपायाला जखम झाली आणि चिघळली. यानं काढा वाढवला. मी तिला दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

रील काढून टाक म्हटलं, तर म्हणतो, "लोकांचा इश्वास तुटंल." आईचा पाय तुटला, त्याचं काय रे?

परवा मी दिंडोरीला आईपाशी बसले होते. देवळ्याहून एक नवरा-बायको पत्ता शोधत आले. बाईला मधुमेह. इन्सुलिन सोडायच्या आधी तिला रीलमधली आजी डोळ्यांनी बघायची होती. मल्हारीनं घाईघाईनं आईच्या कमरेपर्यंत गोधडी ओढली. "बघा, कशी टुणटुणीत हाय!"

मी आईकडे पाहिलं. खरं सांगते, मला तिचीच धास्ती वाटली. आजवर तिनं या लेकाला चारचौघांत कधी उघडं पाडलं नव्हतं.

तिनं त्या बाईला जवळ बोलावलं.

"ही रस्त्याकडची ओळ झाली, बाई," आई म्हणाली, आणि गोधडी बाजूला सारली. "आता मागची बी बघून जा."