दौलताबादचा घाट आणि तेलाचा काटा

पिशोरला आत्याकडं जाऊन येईपर्यंत इंजिनचं तेल एकशेवीस अंशांच्या वर तापलं, तर रविवारी गाडी जालन्याच्या गिऱ्हाइकाला द्यायची. अप्पांनी अशी अट घातली आणि मीही, बापावर गेलेली, लगेच हो म्हणाले. गाडी अप्पांची, माझ्याहून वयानं मोठी. त्यांना आता लांबचं नीट दिसत नाही, म्हणून चालवते मी. "इंजिन जाम झालं आन् तू एकटी रस्त्यात बसलीस तर?" हा त्यांचा घोर.

मुकुंदवाडीतले आमचे मेकॅनिक सलीमभाई यांनी पुढच्या जाळीमागं तेल थंड ठेवणारा कूलर बसवून दिला, आत स्टिअरिंगशेजारी तापमानाचा काटा. म्हणाले, सुरू केल्यावर दहा मिनिटं रेटू नका, नव्वद-शंभरला तेल खुशीत असतं, त्यापुढं पातळ होऊन इंजिन घासतं. "बस, इसको हवा खिलाओ."

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. अप्पा मागं, मांडीवर आत्यासाठी चिवड्याचा डबा. छावणी ओलांडेपर्यंत काटा शहाण्या सुनेसारखा नव्वदला. दौलताबादचा घाट लागला आणि शंभर, एकशेदहा, एकशेपंधरा! मी गिअर उतरवला, वेग कमी केला, देवाला हाक मारली. अप्पा आरशात बघत होते. "एकशेसतरा झालं," ते पुढं वाकून म्हणाले. माझा तर जीवच गेला.

सीताफळं विकणाऱ्या एका मावशींच्या पाटीपाशी गाडी थांबवली. बॉनेट उघडून मी कूलर, नळ्या, सगळं तपासलं. कुठं काही नाही. मावशी गाडीच्या तोंडासमोर उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "बाई, तोंडाला एवढा झेंडू गुंडाळलाय, ती श्वास कुठून घील?"

दसऱ्याचा हार! दोन पदरी, जाळीभर, सुतळीनं आवळलेला. दरवर्षी अप्पा स्वतः बांधतात. पूर्वी जाळीमागं कूलर नव्हता, हे ते विसरले आणि मीही.

अप्पा खाली उतरले. त्यांनी सुतळी सोडली, हार मांडीवर घेऊन गाडीत बसले. आम्ही सीताफळं घेतली. तिथली चुकवू नका, लई गोड. खुलताबाद, वेरूळ, कन्नड करत साडेदहाला पिशोरला पोचलो, आत्याकडं बाजरीची भाकरी आणि ठेचा हाणला. परतताना वेरूळचा चढ भर उन्हात चढलो, तरी काटा अठ्ठ्याण्णवच्या पुढं हलला नाही. मी आरशात बघितलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

रविवारी गिऱ्हाइकाचा फोन आला. अप्पा म्हणाले, नाय जमायचं, पोरगी रोज वापरती. मी चाट पडले. मी गाडी महिन्यातून दोनदा काढते.

यंदाच्या दसऱ्याला सकाळी अंगणात गेले तर जाळी मोकळी, नुसतं कुंकवाचं बोट. हार अप्पांनी मागच्या बंपरला बांधला होता. दोन पदरी.